‘आयदर–ऑर’चा नियम आणि आपले क्रियापद

वसंत ऋतूतील व्याख्यानांना विषय कोणते असावेत, याचे काही संकेत आपल्याकडे ठरून गेलेले आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय आणि समाजसुधारणा हेच बहुधा वक्त्यांचे पेठेतील मोठे रस्ते. इंग्रजी व्याकरणातील एका नियमासाठी संध्याकाळचे दोन तास खर्च करावेत, ही कल्पना जामनेरच्या श्रोत्यांना प्रथमदर्शनी विचित्र वाटली तर त्यात नवल नाही. परंतु हा नियम आपल्या गावात परका नाही. खानदेशात असे घर विरळा की ज्यातील एखाद्या काकाला, मामाला किंवा आजोबांना ‘वॉज’ की ‘वेअर’ या प्रश्नाने एकदा तरी घाम फोडला नाही. ज्याला ते साधले तो कारकून झाला, मास्तर झाला, स्टेशनात तिकिटे देऊ लागला. ज्याला साधले नाही तो शेतावर परतला. शेतावर परतणे हे काही कमीपणाचे नव्हे. पण त्याची निवड एका क्रियापदाने करावी, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. म्हणून त्या नियमाचा कुळवृत्तांत पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

नियम असा. इंग्रजीत दोन नामे ‘अँड’ने जोडली, तर दोन एकवचने मिळून एक अनेकवचन होते आणि क्रियापद अनेकवचनी येते. ‘बोथ–अँड’ या जोडीचेही तेच. पण ‘आयदर–ऑर’ किंवा ‘नीदर–नॉर’ या जोडीने नामे जोडली आणि दोन्ही नामे एकवचनी असली, तर क्रियापद एकवचनीच राहते. ‘नीदर राम नॉर श्याम वॉज प्रेझेंट’ हे शुद्ध. तेथे ‘वेअर’ घातले की मास्तरांची लाल शाई वाहू लागे. इथवर सोपे आहे. घोळ पुढे आहे. एक नाम एकवचनी आणि दुसरे अनेकवचनी असले तर? ‘नीदर द टीचर नॉर द बॉईज’ यापुढे काय? येथे जुनी पुस्तके सांगतात की क्रियापद अनेकवचनी घ्यावे आणि अनेकवचनी नाम क्रियापदाच्या लगत ठेवावे. आणि पुरुष भिन्न असले, म्हणजे एकीकडे ‘तू’ व दुसरीकडे ‘मी’, तर जो कर्ता क्रियापदाजवळ असेल त्याचा पुरुष क्रियापदाने पत्करावा. ‘आयदर यू ऑर आय ॲम राँग’. इंग्रज माणूसही असे वाक्य बोलताना जरा अडखळतोच.

हा नियम आला कुठून? ‘आयदर’ या शब्दाच्या पोटातच ‘दोहोंपैकी’ हा अर्थ आहे. इंग्रजीच्या जुन्या अवस्थेत हा शब्द ‘दोहोंपैकी प्रत्येक’ अशा अर्थाने वापरीत. ‘दोहोंपैकी कोणता तरी एक’ हा अर्थ पुढे बळावला. ‘नीदर’ म्हणजे ‘दोहोंपैकी कोणताही नाही’. ‘ऑर’ आणि ‘नॉर’ हे तर तसल्याच लांब शब्दांचे झिजलेले तुकडे आहेत. तेव्हा ‘दोहोंपैकी एक’ म्हटल्यावर क्रियापद एकवचनी येणार, हे शब्दाच्या जन्मापासूनच ओघाने आले. परंतु बोलणारी माणसे शब्दाचा जन्म आठवून बोलत नसतात. दोन नावे कानावर पडली की मनात दोन माणसे उभी राहतात आणि जीभ अनेकवचनाकडे वळते. खुद्द डॉ. जॉन्सन, ज्याचा कोश इंग्रजीचे प्रमाण मानला गेला, त्याच्या लेखनातही ‘नीदर–नॉर’पुढे अनेकवचनी क्रियापद सापडते. म्हणजे मॅट्रिकच्या परीक्षेत जॉन्सनचाही अर्धा गुण गेला असता.

जिभेला लगाम घालण्याचे काम अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी केले. १७६२ साली रॉबर्ट लौथ या पाद्र्याचे छोटे व्याकरण निघाले. त्यात मोठमोठ्या ग्रंथकारांच्या चुका तळटीपांत दाखविलेल्या होत्या. त्यानंतर १७९५ साली लिंडले मरे याचे व्याकरण आले आणि त्याने शाळांचा ताबाच घेतला. हा मरे मूळचा अमेरिकेचा, वकिली केलेला गृहस्थ. प्रकृतीच्या कारणाने तो इंग्लंडात यॉर्क शहराजवळ येऊन राहिला आणि तेथल्या मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांच्या आग्रहावरून त्याने पुस्तक लिहिले. वकिलाच्या हातून उतरलेल्या या व्याकरणात कलमे आणि पोटकलमे असावीत, हे साहजिकच होते. जोडणारे अव्यय असेल तर क्रियापद अनेकवचनी; विभागणारे अव्यय असेल तर एकवचनी; वचने भिन्न असतील तर अनेकवचनी नाम शक्यतो क्रियापदाजवळ. आपल्या आजोबांनी जे पाठ केले ते जवळजवळ याच शब्दांत यॉर्कच्या मुलींनी पाठ केले होते.

मरेच्या पुस्तकांनी समुद्र ओलांडला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात इंग्रजी शिकणे म्हणजे बहुतेक मरेच्याच वाटेने जाणे होते. त्या वातावरणात मुंबईस दादोबा पांडुरंग तर्खडकर वाढले. जन्म १८१४ चा. आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्यापूर्वी मराठीचे व्याकरण नव्हतेच असे नाही. महानुभावांपैकी भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ होते; विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपूरहून इंग्रजीतून मराठीचे व्याकरण छापले होते. पण मराठी मुलांनी मराठीतून शिकावे असे सांगोपांग व्याकरण म्हणून दादोबांचे पुस्तक रुळले आणि लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पदवी मोठी खरी. मात्र त्यांची मांडणी पुष्कळशी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची होती, आणि त्यावरून पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितांनी त्यांच्याशी शास्त्रीय वाद घातला. हा वाद वाचण्यासारखा आहे. पण त्याच्या गल्लीबोळांत शिरलो तर आमचा मूळ विषय घरी पोचणार नाही.

त्या वादातील एकच धागा येथे हवा आहे. इंग्रजीत ‘सब्जेक्ट’ आणि ‘व्हर्ब’ यांचे लग्न लागलेले असते. नामाचे वचन आणि पुरुष पाहून क्रियापद पाऊल टाकते. मराठी शिक्षकांनी ‘सब्जेक्ट’ला ‘कर्ता’ म्हटले आणि येथेच पहिली गाठ बसली. कारण आपल्या क्रियापदाला तीन घरे आहेत. ‘राम आंबा खातो’ या कर्तरि प्रयोगात ते कर्त्याचे ऐकते. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’ या कर्मणि प्रयोगात ते कर्त्याकडे पाठ करून कर्माच्या मागे जाते. आणि ‘रामाने रावणास मारले’ या भावे प्रयोगात ते कोणाचेच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसते. शिवाय ते लिंगही पाहते. इंग्रजी क्रियापदाला लिंगाची गंधवार्ता नाही. आमच्या मुलाला मात्र ‘आला, आली, आले’ हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले. त्याखेरीज आदराचे अनेकवचन. ‘वडील आले’ असे म्हणणारा मुलगा ‘माय फादर हॅव कम’ लिहून बसला, तर ती त्याची बेपर्वाई नसे. घरचे वळणच कागदावर उतरलेले असे. असा मुलगा ‘कर्त्याप्रमाणे क्रियापद’ हे इंग्रजी सूत्र शिकू लागला म्हणजे त्याला आपल्या भाषेचा दोन-तृतीयांश भाग बाजूला ठेवूनच वर्गात बसावे लागे. हे कोणी त्याला सांगितले नाही, हे दुर्दैव.

आता दोन नामे एकत्र आली म्हणजे मराठी काय करते ते पाहू. संस्कृतात याची व्यवस्था पाणिनीने लावून दिलेली आहे. एकाच वाक्यात ‘तो’, ‘तू’ आणि ‘मी’ आले तर उत्तमपुरुष जिंकतो. पुल्लिंगी व स्त्रीलिंगी शब्दांचा मेळ झाला तर पुल्लिंग शेष राहते, आणि त्यात नपुंसकलिंगी शब्द आला तर नपुंसकलिंग. मराठीने यातला पुरुषांचा क्रम घेतला. ‘तू आणि मी जाऊ’ असेच आपण म्हणतो. ‘तू आणि मी जाल’ असे कोणी म्हणत नाही. परंतु लिंगाच्या बाबतीत मराठीने स्वतःची वाट काढली. एक पुरुष आणि एक स्त्री मिळून जी जोडी होते तिला आपली भाषा नपुंसकलिंगी अनेकवचन देते. ‘नवराबायको शेतात गेली’, ‘मुलगा आणि सून आली’, ‘ती दोघं बाजारातून परतली’. यात ‘गेली’, ‘आली’ हे स्त्रीलिंगी एकवचन नव्हे, ‘मुले गेली’ यातले अनेकवचन आहे. शेजारच्या गुजरातीतही अशीच चाल आहे. शहरी लेखनात आता ‘नवराबायको गेले’ हे रूप पुष्कळ दिसते. आमच्या कानाला मात्र ‘गेली’ यातील घरगुती बरोबरी अधिक गोड वाटते. पुरुष आणि स्त्री एकत्र आली असता दोघांचेही लिंग बाजूला ठेवून तिसरेच घ्यावे, यात एक शहाणपण आहे. संस्कृताला ते सुचले नाही आणि इंग्रजीला त्याची गरज पडली नाही.

वस्तूंच्या बाबतीत मराठी आणखी मोकळी आहे. जामनेरच्या बाजारात उभे राहून कोणाही शेतकऱ्याला विचारा, यंदा काय आले? तो सांगेल, ‘कापूस अन् ज्वारी आली.’ उलट क्रमाने विचारले तर ‘ज्वारी अन् कापूस आला.’ कापूस पुल्लिंगी, ज्वारी स्त्रीलिंगी. क्रियापद जे नाम जवळ असेल त्याचे बोट धरते. कर्मणि प्रयोगातही तेच: ‘त्याने एक सतरंजी आणि दोन कंदील घेतले’, क्रम बदला, ‘दोन कंदील आणि एक सतरंजी घेतली.’ म्हणजे ‘जो जवळ त्याचे क्रियापद’ हा जो नियम इंग्रजीत ‘आयदर–ऑर’पुरता, आणि तोही कुरकुरत, मान्य झाला, तो आपल्याकडे ‘आणि’लासुद्धा लागू आहे आणि बोलणाऱ्याला तो नियम असल्याची खबरही नाही. इंग्रजीच्या पंडितांनी या प्रवृत्तीला रीतसर नाव दिले ते फार उशिरा. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांच्या १९८५ सालच्या बृहद्‌व्याकरणात तीन तत्त्वे मांडलेली आहेत: व्याकरणाप्रमाणे मेळ, अर्थाप्रमाणे मेळ आणि सान्निध्याप्रमाणे मेळ. हे तिसरे तत्त्व आमच्या बाजारातले आहे.

‘किंवा’ची गंमत याहून वेगळी. आम्ही जितके अधिक ऐकतो तितके आम्हांस असे दिसते की मराठी बोलणारा मनुष्य दोन पर्यायी कर्ते एका क्रियापदाच्या खुंटीला टांगण्याचे शक्यतो टाळतो. तो प्रत्येकाला त्याची त्याची खुंटी देतो. ‘एक तर तू ये, नाही तर मी येतो.’ येथे ‘ये’ द्वितीयपुरुषी, ‘येतो’ प्रथमपुरुषी, तंटाच नाही. ‘आयदर यू ऑर आय’ या जोडीपुढे ‘आर’ घालावे की ‘ॲम’, याचा ज्या प्रश्नावर इंग्रज व्याकरणकारांनी शाई आटविली, तो प्रश्न आपल्या भाषेत जन्मालाच येत नाही. नकाराचेही तसेच. ‘ना कापूस आला ना ज्वारी’, ‘ना वडील आले ना भाऊ’. क्रियापद पहिल्या नामाशी जुळवून तेथेच सांगून टाकायचे आणि दुसऱ्यासाठी ते मनात समजून घ्यायचे. ‘भाऊ’पुढे ‘आला’ आणि ‘वडील’पुढे ‘आले’, अशी दोन रूपे लागतात खरी, पण दुसरे उच्चारायचेच नाही. किंवा मग ‘रामही आला नाही आणि श्यामही नाही’. आणि अगदीच एक क्रियापद हवे असेल, तर मराठी मध्ये एक तिसरा मनुष्य आणून बसविते: ‘राम व श्याम या दोघांपैकी कोणीही आला नाही’. येथे क्रियापदाचा कर्ता राम नाही, श्यामही नाही. ‘कोणीही’ हा आहे. ‘नीदर’ या शब्दाच्या पोटात जे ‘दोहोंपैकी’ दडलेले होते ते मराठीने उघड्यावर मांडले आणि क्रियापदाची अडचण मोकळी केली.

जुन्या भाषांतराच्या पुस्तकांत ‘दोघांपैकी कोणीही’ हे वळण म्हणूनच आले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी गिरविली आहे, त्यांना या धाटणीची आठवण असेल. दादोबांच्याच आडनावाची ही पाठमाला. मराठी वाक्य द्यावे आणि मुलाने त्याचे इंग्रजी करावे, आणि उलटही करावे, असा तिचा क्रम. कित्येक पिढ्यांचे इंग्रजी या पाठमालेने घडविले. पण ‘दोघांपैकी कोणीही आला नाही’ याचे इंग्रजी करताना मुलगा दुसऱ्याच खड्ड्यात पडे. मराठीत ‘कोणीही’ असले तरी ‘नाही’ हा शब्द क्रियापदापाशी लागतोच. इंग्रजीत ‘नीदर’मध्ये नकार आधीच येऊन गेलेला. तेव्हा ‘नीदर राम नॉर श्याम डिड नॉट कम’ असे वाक्य तयार होई. दोन नकार म्हणजे होकार, असे मास्तर सांगत. मुलाला मात्र दोन नकार म्हणजे पक्का नकार वाटे. ती त्याच्या भाषेची रीत होती.

हे सारे ज्यांनी मराठीच्या बाजूने बारकाईने तपासले ते मोरो केशव दामले. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. दादोबांपासून तोवर झालेल्या व्याकरणकारांची मते एकेक करून मांडायची, त्यांना तपासायचे आणि मग आपला निर्णय द्यायचा, अशी त्यांची पद्धत. न्यायाधीशाच्या निकालपत्रासारखे ते पुस्तक वाचत जाते. दामल्यांचे वडील बंधू कृष्णाजी केशव, म्हणजेच केशवसुत; आणि केशवसुतांचा खानदेशाशी संबंध आपल्याला ठाऊक असायला हवा. एकोणिसावे शतक संपता संपता ते मुंबई सोडून आपल्या खानदेशात आले आणि भडगाव व फैजपूर येथील इंग्रजी शाळांत त्यांनी नोकरी केली. एक भाऊ मराठी क्रियापदाचे कायदे शोधत होता आणि दुसरा खानदेशातील मुलांपुढे इंग्रजी शाळेच्या फळ्याशी उभा होता. कवितेत नवे युग आणणारा हा मनुष्य पोटासाठी दिवसभर शाळा करीत होता, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या चरित्रातील इतर कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक बोलकी वाटते. १९०५ साली केशवसुत वारले. भावाचा ग्रंथ त्यांनी छापील पाहिला नाही. दोनच वर्षांनी, १९०७ साली, जळगावला कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या एका कोवळ्या मुलाला बालकवी ही पदवी तेथे मिळाली. पण ती कथा वेगळी.

फळ्यावर जे लिहिले जाई त्यामागे परीक्षेची सावली होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत उतरलेल्या मोजक्या तरुणांत रानडे होते. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे मॅट्रिक हा सरकारी नोकरीचा उंबरठा राहिला आणि त्या उंबरठ्यावर इंग्रजीचा पहारा होता. खेड्यातून आलेल्या मुलाला इतिहास पाठ करता येई, गणित घोटता येई. पण इंग्रजी हा विषय घरात कोणाच्या तोंडी नसलेला. पुस्तके बदलत गेली. मरे मागे पडला. शतकाच्या अखेरीस नेसफील्डचे व्याकरण आले. नेसफील्ड हा उत्तरेकडील प्रांतांच्या शिक्षणखात्यातील वरिष्ठ अधिकारी. त्यानंतर, १९३० नंतरच्या दशकात, रेन आणि मार्टिन यांचे जाड व्याकरण निघाले व ते अजूनही दुकानात मिळते. यातील रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला गृहस्थ. पुढे फ्रान्सच्या परदेशी पलटणीवर लिहिलेल्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीने तो जगभर गाजला. वाळवंटातील साहसाची गोष्ट लिहिणारा आणि ‘नीदर–नॉर’चे नियम सांगणारा मनुष्य एकच, हे ऐकून आमच्या एका स्नेह्यांना मोठे समाधान झाले, दोन्ही ठिकाणी माणसे तहानेने व्याकुळ होतात, असे ते म्हणाले.

विनोद सोडला तरी एक गोष्ट ध्यानात येते. १७९५ मधील मरेचा नियम आणि त्यानंतर सुमारे एकशेचाळीस वर्षांनी रेन–मार्टिनमध्ये आलेला नियम यांत फरक जवळपास नाही: वचन भिन्न असेल तर क्रियापद अनेकवचनी आणि अनेकवचनी नाम लगत. या अवधीत इंग्लंडातील बोलणे बदलले, लेखन बदलले. नियम मात्र जसाच्या तसा हिंदुस्थानातील वर्गांत जपून ठेवला गेला. त्याचे कारण आम्हांस असे दिसते की परीक्षकाला मोजता येण्याजोगे काही तरी हवे असते. निबंधाचे गुण दोन परीक्षक दोन प्रकारे देतील. ‘वॉज’ की ‘वेअर’ याला उत्तर एकच. भाषेच्या ज्या कोपऱ्यात बोलणारे स्वतःच डगमगतात, तोच कोपरा गाळणी म्हणून वापरला गेला. यॉर्कच्या मुलींसाठी तो नियम सभ्य लेखनाचा होता; जामनेर–पाचोऱ्याच्या मुलांसाठी तो चाकरीचा झाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून टाकले आणि ते आठवीपासून सुरू केले. यावर त्या काळी मोठी वादळे झाली. एका पक्षाचे म्हणणे, मुलांच्या डोक्यावरचे ओझे उतरले. दुसऱ्याचे म्हणणे, शहरातील श्रीमंतांची मुले इंग्रजी शाळांत शिकतच राहतील आणि खेड्यातील मुलगा मात्र तीन वर्षांनी मागे पडेल. दुसऱ्या पक्षाच्या भीतीत तथ्य होते, असे आमचे मत आहे. पुढे चक्र उलटे फिरले आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. आज सहा वर्षांचे मूल इंग्रजी गाणी म्हणते. ‘नीदर–नॉर’ची गाठ त्याला पुढे पडते, आणि बहुधा गाळलेल्या जागा भरण्याच्या स्वरूपात, स्पर्धा परीक्षांच्या तयारीत पडते. गाळणी तीच, हात बदलले.

शाळेखेरीज आणखी एका ठिकाणी ही जोडी आपल्या आयुष्यात शिरली आहे, ते ठिकाण म्हणजे न्यायालय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत शिक्षेच्या कलमांत पुनःपुन्हा एक शब्दप्रयोग येतो. त्याचा अर्थ ‘दोहोंपैकी कोणत्याही एका प्रकारची कैद’ असा. तेथे मुळात ‘आयदर’ हाच शब्द आहे. दोन प्रकार म्हणजे सक्तमजुरी आणि साधी कैद. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी हा ‘आयदर’ नव्या कायद्यातही कायम आहे. एका मनुष्याने खडी फोडावी की नुसते कोठडीत बसावे, हे त्या एका शब्दाने न्यायाधीशाच्या हाती ठेवलेले असते. त्याच कलमांत पुढे ‘दंडाची, किंवा दोन्ही शिक्षा होतील’ असे शब्द असतात. नुसते ‘किंवा’ ठेवले तर कोणी हुशार वकील उठून म्हणेल की, कैद दिली आता दंड कसा देता? म्हणून ‘किंवा दोन्ही’ हे मुद्दाम सांगावे लागले. आपण बाजारात ‘चहा किंवा कॉफी’ म्हणतो तेव्हा ‘किंवा दोन्ही’ असे कोणी म्हणत नाही, आणि यजमानाने दोन्ही आणले तरी कोणी अपील करीत नाही. कायद्याचे ‘किंवा’ आणि घरातले ‘किंवा’ एक नव्हेत. वचनाच्या बाबतीत मात्र कायदा शाळेपेक्षा उदार निघाला. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या तेराव्या कलमाने सांगून टाकले की, संदर्भाला बाध येत नसेल तर एकवचनात अनेकवचन आणि अनेकवचनात एकवचन समजावे. पुल्लिंगात स्त्रीलिंगही समजावे. ज्या सरकारने एकवचन चुकले म्हणून मुलाला नापास केले, त्याच सरकारने स्वतःच्या कायद्यासाठी ही सवलत घेतली.

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. तेव्हापासून कायदे, नियम, नमुने आणि नोटिसा मराठीत येऊ लागल्या. त्यासाठी भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम केले, आणि त्या कामाची नेहमी जेवढी थट्टा होते तेवढी ते मुळीच वाईट नाही. पण भाषांतराबरोबर इंग्रजी वाक्याची बैठकही आली. ‘एक तर तू ये, नाही तर मी येतो’ या आपल्या दोन खुंट्यांच्या जागी ‘एकतर अर्जदार किंवा त्याचा प्रतिनिधी उपस्थित राहील’ असे एकाच खुंटीचे वाक्य रूढ झाले. वर्तमानपत्रांनी ते उचलले, पाठ्यपुस्तकांनी उचलले, आणि आता ते बोलण्यातही ऐकू येते. भविष्यकाळात यामुळे काही बिघडत नाही, कारण ‘येईल’, ‘राहील’ या रूपांना लिंग नसते. भूतकाळात मात्र इंग्रजीला कधीच न पडलेला प्रश्न मराठीपुढे उभा राहतो. इंग्रजीत वचनाचा तंटा होता, पुरुषाचा होता, लिंगाचा नव्हता. मराठीत ‘एकतर मुलगा किंवा मुलगी पहिली आली असेल’ असे म्हणावे, की ‘पहिला आला असेल’? सान्निध्याचा नियम लावला तर ‘आली’. पण मग मुलगा वाक्यात असून नसल्यासारखा होतो, आणि ‘पहिली’ या विशेषणाने तर तो पुरताच शर्यतीतून बाद होतो. नवराबायकोच्या जोडीला दिलेले नपुंसकलिंगी अनेकवचन येथे चालत नाही, कारण दोघे मिळून आलेली नाहीत, त्यांतले एकच आले आहे. आणि ‘पहिले आले असेल’ असे नपुंसकलिंगी एकवचन घातले तर ऐकणारा विचारतो, कोण पहिले आले? पाडस?

वाड्यातील आजीबाई हे वाक्य असे कधीच म्हणणार नाहीत. ‘मुलगा पहिला आला असेल नाही तर मुलगी’, असे म्हणून त्या मोकळ्या होतील. कचेरीतील कारकुनाला तेवढी मोकळीक नसते. त्याच्यापुढे नमुना असतो आणि नमुन्यात क्रियापदाची जागा एकच असते. त्याने यावर जो तोडगा काढला आहे तो कोणत्याही व्याकरणात आम्हांस आढळला नाही, पण तालुक्याच्या कोणत्याही दप्तरात सापडेल. तो आदराचे अनेकवचन वापरतो. ‘अर्जदार किंवा त्यांची पत्नी सुनावणीस हजर राहिले नाहीत.’ अर्जदार एक, पत्नी एक, ‘किंवा’ने जोडलेले, तरी क्रियापद अनेकवचनी; मरे, नेसफील्ड आणि रेन–मार्टिन तिघांनीही खाली लाल रेघ ओढली असती. नोटीस मात्र बिनतक्रार बजावली जाते.